आठवं घर

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं मी पहिल्याच वाक्याला ठणकावलं. ही माझी जुनी युक्ती. विश्वास बसणार नाही म्हटलं, की माणसं खुर्ची पुढे ओढतात. ओढल्याच. समोर सहा जण होते. नवं लग्न झालेलं एक जोडपं, ते एकमेकांचं ऐकत होतं, माझं नव्हे. एक केस कापणारा. एक जाड चष्म्याची कॉलेजातली मुलगी. एक निवृत्त बसचालक, जो बसल्या बसल्याही उजवा पाय दाबून धरत होता. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, या सहा जणांना आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, रीतसर घेणार होते. घेण्याआधी चार शनिवार वर्ग असतो. देव कोण, प्रभू येशूनं आपल्यासाठी काय केलं, बाप्तिस्मा कशासाठी, हे सगळं पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तीन शनिवारांत उरकलं होतं. चौथा शनिवार चर्चचा. चर्च म्हणजे नेमकं काय, ते कशाला लागतं, देव आणि माणूस समोरासमोर असताना मध्ये ही एवढी गर्दी कशासाठी. हा विषय त्यांनी माझ्या गळ्यात घातला, कारण मी सगळ्यांत जुना. म्हातारं झालं की माणसाला सगळं माहीत असतं, असा लोकांचा समज आहे आणि मी तो कधी मोडला नाही.

माझं बोलणं पाठ होतं, तासाभरापूर्वीपर्यंत. आमचं चर्च आता एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भरतं. जुनं देऊळ, आम्ही चर्चच्या इमारतीला देऊळच म्हणतो, रस्तारुंदीत गेलं. आता खाली दातांचा दवाखाना, मध्ये विम्याचं ऑफिस आणि वर आम्ही. चर्च म्हणजे दगडविटा नव्हेत, असं मी येईल त्याला सांगतो. दगडविटांवाचून आमचं भागलं, लिफ्टवाचून भागत नाही. जन्मभर मी लिफ्ट दुरुस्त करायचं काम केलं, त्यामुळे लिफ्टमध्ये शिरलो की मी माणूस राहत नाही, नुसता कान होतो. तर दार बंद होता होता एक बाई आत आली. पन्नाशीची, खांद्याला कापडी पिशवी. दुसऱ्या मजल्याच्या जरा वर लिफ्टनं हिसका दिला. एवढासाच. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता, पण माझ्या टाचांना कळतो; रोप, म्हणजे लिफ्ट ओढणारा तारेचा दोर, कप्पीच्या खाचेत किंचित सरकला की तसं होतं. मी सवयीनं म्हणालो, "घाबरू नका, याला काही होत नाही." ती वळून हसली. हसताना तिचा खालचा ओठ डावीकडे जरासा ओढला गेला. असा ओढला जाणारा ओठ मी आयुष्यात एकच पाहिला होता.

"तुम्ही लिफ्टवाले काका ना?" ती म्हणाली. "आई तुमच्या गोष्टी सांगायची."

"कुणाची आई?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"गणिताच्या बाई. जुन्या चर्चच्या मागच्या गल्लीत राहायचो आम्ही."

मजला आला. दार उघडलं. मी तिला पुढे जाऊ दिलं. सभ्यपणानं नव्हे, तिच्या नजरेसमोरून चालायला नको म्हणून. बाहेर बोळात पाळकसाहेब उभेच होते. तरुण माणूस, माझ्या नातवाच्या वयाचा, पण मी त्यांना अहोजाहो करतो आणि ते मला काका म्हणतात. त्यांनी मला बाजूला घेतलं. "काका, त्या खिडकीजवळच्या बाई अजून हो-ना करताहेत. परवा मला विचारलं, माझी आई आजारी होती तेव्हा तुमची मंडळी कुठे होती? मी काय सांगणार? माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तुम्ही होतात. त्या म्हणाल्या, उत्तर मिळालं तर उद्या उभी राहीन, नाहीतर माझं नाव काढा. आता सगळं तुमच्यावर आहे." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून ते हसले. काही माणसांचा दुसऱ्यावर इतका विश्वास असतो, की समोरच्याला पळून जावंसं वाटतं.

म्हणून मी पाठ केलेलं बोलणं सोडलं आणि प्रार्थनेच्या साखळीची गोष्ट काढली. "मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट," मी म्हणालो. "आमच्या मंडळीत चौदा घरांत टेलिफोन. कुणी आजारी पडलं, कुणाचं पोर परीक्षेला बसलं, कुणाची नोकरी गेली, की पाळकबाई, तेव्हाच्या पाळकांच्या पत्नी, पहिला फोन लावायच्या. पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं करत चौदावा उलट पाळकबाईंना फोन करायचा: निरोप पोचला. मग चौदाही घरं आपापल्या खोलीत गुडघे टेकायची. किती वेळ लागत असेल? साडेतीन मिनिटं! आगीचा बंब यायला तेव्हा वीस लागायची. एकदा तर टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलीनं मध्येच तोंड घातलं, हे रोज संध्याकाळी तुमचं चाललंय काय? तिला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तीही आमच्याबरोबर गुडघे टेकायला लागली, अर्धा तास अख्ख्या शहराचे फोन बंद!"

"काका, काहीही हं," केस कापणारा म्हणाला. सगळे हसले. तीही हसली. मी मात्र त्या हसण्यात एका दुसऱ्या हसण्याचा आवाज शोधत होतो.

तो आवाज जुन्या देवळातला. उपासनेच्या शेवटी साक्ष द्यायची पद्धत होती. ज्याला देवानं काही अनुभव दिला असेल त्यानं उठून सांगायचं. मी कधी उठलो नव्हतो. माझ्या गोष्टी देवळाबाहेरच्या पायरीवरच्या, चहाच्या कपाबरोबरच्या. पण त्या आठवड्यात खरोखरच मी मरता मरता वाचलो होतो. एका जुन्या इमारतीत रोप बदलताना लिफ्ट सुटली, मी आत. दीड मजला खाली आली आणि रुळावरच्या पकडीनं तिला धरलं. दीड मजला म्हणजे काहीच नाही, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. पण त्या तेवढ्यात मी देवाला हाक मारली होती, मोठ्यानं, लहान मूल मारतं तशी. त्या हाकेची मला अजून लाज वाटत होती आणि तीच सांगायला मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एकही आकडा न वाढवता बोललो. म्हटलं, लिफ्ट दीड मजला पडली. आणि तिसऱ्या बाकावरून गणिताच्या बाई सहज म्हणाल्या, "परवा पायरीवर तर सात मजले होते!" सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेब, म्हणजे तेव्हाचे, तेही हसले. माझी बायको पदरात तोंड घालून हसली. बाईंच्या मनात काही नव्हतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि त्यामुळेच राग जास्त आला, कारण त्याला बसायला जागा मिळेना. परवा सात मजले मीच म्हटलं होतं. पण आज दीड होते, आणि त्या दीड मजल्यांत देव होता, हे ऐकायला कुणी उरलंच नाही.

साखळीत माझं घर सातवं होतं. आठवं घर गणिताच्या बाईंचं.

"आणि मध्येच कुणी घरी नसलं तर?" बसचालकानं विचारलं. जन्मभर थांबे मोजलेला माणूस, त्यानं नेमकं तेच विचारलं.

"मग त्याला सोडून पुढच्याला लावायचा, आणि नंतर त्याच्याकडे पुन्हा बघायचं."

"पुन्हा बघायचे?"

"बघायचे," मी म्हणालो.

मी बघितलं नाही. साक्षीच्या त्या रविवारनंतर साखळी आली तेव्हा मी नवव्या घरी फोन लावला. नववे म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. "आठव्या घरी उचलत नाहीत," मी त्यांना म्हणालो. त्यांनी "बरं" म्हटलं. दुसऱ्या वेळी तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी मला सांगावंही लागलं नाही. पहिल्यांदा खोटं बोलायला धाप लागते. पुढे ते आपोआप चालतं, माणसाला हातही लावावा लागत नाही. माझ्याकडचा फोन तबकडीचा होता. बाईंच्या नंबरात तीन नऊ होते. तबकडी तीनदा जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावी लागायची, परत येताना ती कुरकुर करत यायची. पोस्टमास्तरांचा नंबर एक-दोन-तीनचा, चटकन संपणारा. स्वयंपाकघरातून बायकोला नुसत्या आवाजावरून कळत असणार कुणाला लावला ते. एकदा ती हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "आज लवकर झाला फोन." मी म्हणालो, "हो." तिनं आणखी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. त्या एका क्षणापायी मी तिच्यावर, ती देवाघरी जाईपर्यंत, थोडासा रागावलेलाच राहिलो.

असं किती दिवस? दोन वर्षं. दोन वर्षं कुणाच्याही दुखण्याखुपण्याचा निरोप त्या घरी गेला नाही. बाई रविवारी यायच्या, लोक म्हणायचे, अमक्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आपण प्रार्थना केली ना. बाई म्हणायच्या, हो का. मला वाटायचं, आज विचारतील, आज विचारतील. त्या विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. गणितात उत्तर चुकलं की माणूस आधी आपलीच पायरी तपासतो; त्याही आपलंच काय चुकलं ते शोधत असतील. हळूहळू त्या तिसऱ्या बाकावरून सातव्यावर गेल्या, मग दाराजवळच्या बाकावर. मग महिन्यातून एकदा. आणि प्रभुभोजनाच्या दिवशी त्याच एका भाकरीचा तुकडा मी घ्यायचो, त्यांनी घेतलेला असायचा. पाळक म्हणायचे, आपण सगळे मिळून एक शरीर आहोत, एकेक जण त्याचा अवयव. मी तुकडा गिळायचो. गळ्यात अडकला वगैरे काही नाही. खरी गोष्ट ही, की अगदी सहज उतरायचा.

माझ्या कामातलं एक सांगतो. लिफ्टचा रोप अनेक तारांचा पिळून केलेला असतो. त्यातली एक तार तुटली म्हणून लिफ्ट पडत नाही. बाकीच्या तारा ओढत राहतात. आत उभ्या माणसाला कधी कळत नाही. कळायचा उपाय एकच, रोपावर फडकं धरायचं आणि लिफ्ट सावकाश चालवायची. तुटलेल्या तारेचं टोक बाहेर आलेलं असतं, फडकं तिथं अडकतं. मी हजारो रोपांवरून फडकं फिरवलं असेल. माझ्यावरून कुणी फिरवलं नाही.

"अशी ही आमची साखळी," मी वर्गाला सांगत होतो, "आणि मग एके दिवशी साखळीतल्याच एका घरी आजार शिरला." पाळकसाहेब दाराला टेकून उभे होते, त्यांनी हळूच मान हलवली. तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मी तिच्याकडे न बघता बोलत राहिलो. गणिताच्या बाईंना ताप आला, तो छातीत उतरला. नवरा जहाजावर, यायला पंधरा दिवस लागणार. शेजारची एक नर्स येऊन-जाऊन बघायची. डॉक्टरांनी बजावलं, संसर्ग आहे, कुणी भेटायला येऊ नका. पाळकबाई तरी एकदा जाऊन आल्या, दाराबाहेरूनच बोलल्या. परत येऊन त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलीला मामा न्यायला येणार आहे. दुसरी, आजाऱ्याला रोज एकच फोन जाईल, साखळीत ज्याचा क्रम, म्हणजे आजाऱ्याच्या आधीचं घर ज्याचं, त्याचा. चौदा जणांनी चौदा वेळा उठवू नका. "तिला मी सांगून आलेय," पाळकबाई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी फोन येईल, आम्ही सगळे त्यात असू असं समज."

क्रम माझा होता. आता त्या बारा जणांना दोष देता येत नाही. त्यांनी आपापले गुडघे टेकले, अगदी मनापासून. मला ठाऊक आहे, कारण मीही टेकले. हे कुणाला पटणार नाही, पण मी रोज बाईंसाठी प्रार्थना केली. पोस्टमास्तरांना फोन लावायचो, ठेवायचो, आणि पलंगाशी गुडघे टेकून देवाला म्हणायचो, बाईंना बरं कर. देवाला म्हणणं सोपं होतं. देव सात मजले वगैरे म्हणत नाही. देवाला टेलिफोन लागत नाही हे मी स्वतःला नऊ संध्याकाळ सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. टेलिफोन ज्याला लागत होता ते माणूस मागच्या गल्लीत पडून होतं. तेवढ्यासाठी तर देवानं आम्हाला चौदा घरांत वाटून ठेवलं होतं. त्याचा आवाज सगळ्यांना थेट ऐकू येत असता तर त्यानं पाळक, बाक, भाकरी, तबकडी हा पसारा कशाला मांडला असता? हे मला आज, आता, तिसऱ्या मजल्यावर या सहा जणांना सांगायचं होतं. हेच उत्तर होतं. यापुढे फक्त एक वाक्य जोडायचं होतं, की तो फोन मी केला नाही. छोटं वाक्य. लिफ्ट दीड मजला पडली, एवढंच छोटं.

बाईंच्या आजाराच्या दुसऱ्या संध्याकाळी बायकोनं विचारलं होतं, "बाई कशा आहेत? काय म्हणाल्या फोनवर?" मी म्हणालो, "उचलत नाहीत. झोपल्या असतील." "मग मी दारापर्यंत जाऊन येते." "डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना! आणि तुला कशाला पुढे पुढे करायचंय?" ती थांबली. ती थांबली ते माझ्या आवाजामुळे. सहाव्या दिवशी मी खरोखर फिरवायला घेतला. पहिला आकडा, दुसरा, मग नऊ. तबकडी कुरकुरत परत आली. पुन्हा नऊ. पुन्हा नऊ. शेवटचा आकडा दोन होता. बोट भोकात घातलं. आता काय बोलणार? इतक्या दिवसांनी का, म्हणून विचारलं तर? दोन वर्षांचा हिशेब त्या बाईंनी एका श्वासात केला असता. मी बोट काढलं आणि रिसीव्हर ठेवला. दहाव्या दिवशी सकाळी साखळी उलट्या दिशेनं आली, नवव्या घराकडून मला. पोस्टमास्तर म्हणाले, "गेल्या हो बाई."

"काका?" चष्म्याच्या मुलीनं विचारलं. "मग पुढे काय झालं?"

खिडकीतून दातांच्या दवाखान्यातला करकर आवाज वर येत होता. मी तोंड उघडलं ते खरं बोलायला. हे मी शपथेवर सांगतो, माझी शपथ फारशी खपत नसली तरी. "सहाव्या दिवशी," मी म्हणालो, "मी फोनपाशी बसलो. पहिला आकडा फिरवला. दुसरा. मग तीन नऊ." खिडकीजवळ काही हललं नाही. "शेवटचा आकडा दोन. मी बोट घातलं." इथपर्यंत सगळं खरं होतं. मग मी वर पाहिलं. तिचा चेहरा इतका उघडा होता, त्यात इतकी जागा होती, पाळकसाहेबांनी दाराशी डोळे मिटून घेतले होते, आणि माझी जीभ, ऐंशी वर्षांच्या सवयीची जीभ, माझ्याआधी उठून उभी राहिली. "आणि फिरवला! घंटा वाजली. काय वाजली म्हणता! एकदाच वाजली, आणि सहा दिवस मान न उचललेल्या बाई उठून बसल्या आणि स्वतः फोन उचलला. म्हणाल्या, कोण, लिफ्टवाले? किती मजले? मी म्हटलं, दीड. त्या हसल्या. मी फोनवर प्रार्थना म्हटली, त्यांनी आमेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाई त्या आजारातून उठल्या नाहीत, पण एकट्या नाही गेल्या. चौदा घरं त्यांच्या उशाशी होती. आमची मंडळी तेव्हा तिथं होती. चर्च म्हणजे हे."

बसचालकानं नाक ओढलं. नव्या नवरीनं नवऱ्याचा हात धरला. मला स्वतःलाच रडू येत होतं, आणि ते खोटं नव्हतं. इतकं सुंदर झालं असतं ते. मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तिचा ओठ ओढला जाईल, उद्या ती उभी राहील, आणि हे असंच घडलं होतं असं निदान एका माणसाच्या डोक्यात तरी राहील.

"काका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वर्गात मूल चुकलं की बाई जसं बोलतात तसा होता. "मामा न्यायला आला तेव्हा मी गेलेच नाही. पलंगाखाली लपले. मग आईनंच त्याला सांगितलं, राहू दे तिला. फोन माझ्या मांडीवर असायचा, वायर पुरत नव्हती म्हणून मी आईचा पलंग दाराशी ओढला होता. संध्याकाळ झाली की आई म्हणायची, बघ गं, रिसीव्हर नीट ठेवलाय ना? मी उचलून कानाला लावायची. टोन यायचा. मग मी ठेवायची. नऊ दिवस." तिनं खाली ठेवलेली पिशवी उचलली. "खोटं बोलताय तुम्ही. आमचा फोन वाजलाच नाही."